भारताचे प्रदेश शिकवताना सुरुवात कोठून करावी?

दादरची शिक्षिका: स्थान, परिसर, मानव-पर्यावरण संबंध, दळणवळण आणि प्रदेश या पाच सूत्रांनी भारत शिकवायचा आहे; परंतु मुले व्याख्या घोकतात आणि नकाशा कोराच राहतो. काय करावे?

निवृत्त शिक्षक, मुलुंड: पाचही सूत्रे एकदम देऊ नयेत. प्रथम मुंबई-पुणे लोहमार्ग बोटाने गिरवायला लावा. बोरघाटातून १८६३ मध्ये गाडी धावू लागली आणि देशावरचा कापूस बंदरात पोहोचणे सोपे झाले. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने का जोडतात, हे विचारले की सह्याद्रीचा चढ वेगळा शिकवावा लागत नाही. त्यानंतर पाऊस घ्यावा: महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माणदेशात सुमारे ५००. अक्षांश जवळपास तोच, पीक मात्र भाताऐवजी बाजरी.

एम. ए.ची विद्यार्थिनी, कलिना: सहमत. मात्र प्रदेशाची सीमा निकषानुसार सरकते, हेही सांगावे. भंडारा-गोंदियाचे तलाव आणि भातशेती छत्तीसगडशी नाते सांगतात, तर त्याच विदर्भातील बुलढाण्यात काळ्या जमिनीत कापूस पिकतो. पाठ्यपुस्तकांतील ठळक रेषांवर माझा फारसा विश्वास नाही.

दादरची शिक्षिका: उत्तम. सोमवारी कर्जतपासूनच सुरुवात करते.