जेआर-१ (पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट) सहकारी खचलाय असं वाटतंय. थेट विचारायचं का?

पोस्टड्यूटी: मेडिसिनचा जेआर-१. तीन आठवडे मेसला येत नाही, पोस्ट-ड्यूटीलाही (ड्यूटी संपल्यावरही) झोप नाही. परवा म्हणाला, "मी नसलो तर युनिटचं काय अडतंय?" थेट विचारू का? आणि सायकिअ‍ॅट्रीचा केसपेपर निघाला तर डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशनला अडचण येते का?

मनोविकार_एसआर: थेटच विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" "तसले विचार नाहीत ना?" म्हटलं की उत्तर "नाही रे"च येतं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर पुढचं विचारा: काही ठरवलंय का, कधी? ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका. ड्यूटी बदलून घ्या आणि आत्ताच सायकिअ‍ॅट्री ऑन-कॉलकडे सोबत जा. "उद्या ओपीडीत दाखव" नको. आपल्याकडे औषधं हाताशी असतात, हाच मोठा धोका. वॉर्डच्या कपाटाची किल्ली, खोलीतली सॅम्पल्स दुसऱ्याकडे द्या.

केसपेपर: नुसते उपचार घेतले म्हणून रजिस्ट्रेशन जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: माहिती गोपनीय. खरी भीती असते ती ओपीडीच्या बाकावर ओळखीचा इंटर्न भेटण्याची. मग बाहेरच्या डॉक्टरकडे जा. टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ चोवीस तास, मोफत, मराठीतही.

मनोविकार_एसआर: एक राहिलं. त्याने स्वतःच गोळ्या सुरू केल्यात का, बघा. एसएसआरआयचा (नैराश्यावरच्या गोळ्यांचा) गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. सुरुवातीला काहींची बेचैनी वाढते, पंचविशीच्या आतल्यांवर तर जास्तच लक्ष लागतं. पोरं आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करतात, नाहीतर झोपेची गोळी वाढवतात. स्वतःचं प्रिस्क्रिप्शन स्वतः लिहिलं की फॉलो-अप घेणारं कुणीच उरत नाही.

रोस्टरवाला: रजेच्या अर्जात "कौटुंबिक कारण" नको, "वैद्यकीय" लिहा, सोबत सर्टिफिकेट. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३च्या पीजी (पदव्युत्तर) नियमांत वर्षाला किमान २० कॅज्युअल रजा आहेत, साप्ताहिक सुट्टीही (कामाची निकड नसेल तर, ही पळवाट आहेच). रजा जास्त झाली तर तेवढे दिवस टर्म वाढते. एनएमसीच्याच टास्क फोर्सने २०२४मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. त्यांच्या सर्वेक्षणात सुमारे ३१ टक्के पीजींनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं होतं. १९९२च्या केंद्राच्या निर्देशात तर ४८ तास आहेत. रोस्टर लावणाऱ्याला हा आकडा सांगून बघा, हसेल.

पोस्टड्यूटी: आजची त्याची इमर्जन्सी ड्यूटी बदलून घेतली. राऊंड संपला की विचारतो.

मनोविकार_एसआर: चहाच्या टपरीवर नको, खोलीत विचारा. फोन सायलेंट ठेवा.