मदत हवी आहे: बर्लिनच्या मेट्रोने रोजचा प्रवास

नमस्कार. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारी विद्यार्थिनी असून ऑक्टोबरपासून एका सत्रासाठी बर्लिनला जाणार आहे. आजवर माझा सगळा प्रवास केएमटीने, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बसने झाला. वाहक तिकीट हातात देतो आणि विचारले तर थांबाही सांगतो. तिथे मात्र भुयारी ऊ-बान आणि बहुतेक जमिनीवरून धावणारी एस-बान यांच्या स्थानकांवर अडवणारी फाटकेच नाहीत, पण कागदी तिकीट यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवला नाही तर तपासनीस 60 युरो दंड आकारतात, हे वाचल्यापासून मनात धास्ती आहे.

तिथे तिकिटाचे दर ए, बी आणि सी अशा तीन विभागांनुसार ठरतात. माझी खोली बर्लिनलगतच्या पॉट्सडॅमला, म्हणजे सी विभागात, आणि वर्ग बर्लिनच्या मध्यभागी आहेत. मग मासिक पास तीनही विभागांचा घ्यावा की डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर स्थानिक वाहतुकीला चालणारा पास? डॉइचलांडटिकेट मासिक वर्गणीने मिळते, त्यामुळे तिथले बँक खाते उघडेपर्यंतचे पहिले काही आठवडे कसे काढावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गाडीवर शेवटच्या स्थानकाचे नाव असते आणि वर्तुळाकार मार्गावर एस 41 घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, तर एस 42 उलट दिशेने जाते, हे मी वहीत नकाशा काढून पाठ केले आहे. खरी काळजी रात्रीची आहे. शुक्रवारी-शनिवारी ऊ-बान रात्रभर चालते, पण इतर दिवशी ग्रंथालयातून उशिरा निघाल्यास पॉट्सडॅमला एकटीने परतणे कितपत सोयीचे आणि सुरक्षित आहे? आई रोज हेच विचारते आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही.