देवकुंडला आईला घेऊन जावं का? मदत हवी आहे

ताम्हिणीखालच्या भिऱ्याचा देवकुंड धबधबा दिवाळीनंतर करायचा विचार आहे. पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघतात, आणि कुंडात बुडून माणसं गेल्यावर ते योग्यच आहे. पोहायचं नाहीच, फक्त बघायचंय.

अडचण आईची. वय 61, रोज चालते, पण गुडघा उतारावर कुरकुरतो. (ती म्हणते, "मी रायगड पायऱ्यांनी चढलेय." तीस वर्षांपूर्वी!) धरणाच्या पाण्याकडेची वाट सपाट आहे म्हणतात, पुढच्या जंगलात दगडधोंडे किती? नोव्हेंबरात ओढे ओलांडताना पाणी कुठवर असतं?

माणगाव स्टेशनवरून सकाळची एसटी मिळते की रिक्षाच करावी? गावातला वाटाड्या आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो का? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.