पहिले तीन तास
काही जण म्हणतात, आमच्या भागात अपघातात खरे उपचार बेळगावात पोचल्यावरच सुरू होतात. मला नाही पटत. अपघातात रक्तस्राव झालेल्यांवर औषधाची २०१० ची क्रॅश-२ चाचणी बघा: ४० देश, २० हजारांवर जखमी. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, दिलेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, प्लासिबोवाल्यांत (ज्यांना औषधाऐवजी नुसतं तसंच दिसणारं काही दिलं) १६. औषध काही दुर्मीळ नाही, पाळीत जास्त रक्त जात असेल तर याच्याच गोळ्या देतात. खरी मेख वेळेत आहे. अपघातापासून तीन तासांच्या आत दिलं तर फायदा. उशीर झाला तर रक्तस्रावाने जाणारे उलट वाढलेच. आता पावसात खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून जांबोटीमार्गे जखमीला बेळगावला आणायचं, तर गाडी जुळवण्यातच केवढा वेळ जातो! पहिला एक ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत, वाटेतल्या सरकारी दवाखान्यातच मिळायला हवा. आणि तिथून पुढे पाठवतानाची चिठ्ठी कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, अपघाताची आणि इंजेक्शनची वेळ तेवढी ठळक लिहा, पुढचा डोस त्यावरच ठरतो.