वारीच्या फोटोंसाठी मेमरी कार्ड आणि कार्ड रीडर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं आषाढी वारीत लोणंद ते वाखरी मी आमच्या दिंडीबरोबर चालतो आणि फोटो काढतो. हा माझा धंदा नाही. परत आल्यावर दिंडीतल्या माणसांना त्यांचे फोटो छापून घरपोच देतो. शिवाय मुक्कामावर रोज रात्री दहा-पंधरा फोटो दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. ज्यांना येणं जमलेलं नसतं, ती माणसं त्या फोटोंची वाट बघत जागी असतात.

अडचण आहे ती कार्डातले फोटो लॅपटॉपवर घेण्याची. गेल्या वर्षी चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं त्या दिवशी सोळाशे फोटो निघाले. अश्व धावताना शटरवरचं बोट उचलवत नाही. एक रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) साधारण २५ एमबीची, म्हणजे एकूण ४० जीबी. रात्री तरडगावच्या मुक्कामी तंबूत जनरेटरची वीज, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दहा मोबाइल आणि माझा बॅटरी गेलेला लॅपटॉप. कॉपी व्हायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. मधेच जनरेटर बंद झाला. पहाटेच्या घाईत सगळं उतरलंय असं समजून मी कार्ड फॉरमॅट केलं, दिवसभर त्यावरच नवे फोटो काढले आणि फलटणला पोचल्यावर कळलं की रिंगणाचे शेवटचे चारशे फोटो आलेच नव्हते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने थोडेच परत मिळाले. आमच्या दिंडीचे वीणेकरी पहिल्यांदाच अगदी रिंगणाच्या कडेला उभे होते. त्यांचा एकही फोटो नाही. ते आजही मला काही बोलत नाहीत, पण मला ते फार लागून राहिलंय.

कॅमेरा निकॉन डी७५००. कार्डाचा खाचा एकच. कार्डं ६४ जीबीची दोन, वर ‘१७०’ (म्हणजे सेकंदाला १७० एमबी) असं लिहिलेलं. लॅपटॉप दहा वर्षांचा, आत साधी हार्ड डिस्क.

१० जीबीचं एकच फोल्डर घेऊन घड्याळ लावलं. जुन्या रीडरने पावणेनऊ मिनिटं लागली, कॅमेऱ्याला थेट केबल लावून साडेपाच. मित्राचा नवा यूएसबी ३ रीडर आणून लावला, तर पाच मिनिटं! तोच रीडर, तेच कार्ड त्याच्या लॅपटॉपवर एक मिनिट पन्नास सेकंदांत मोकळं.

१७० लिहिलेलं कार्ड त्याच्याकडेसुद्धा सेकंदाला ९० एमबीच्या आसपासच का अडलं? आणि माझ्याकडे त्याहून निम्म्याच्याही खाली का? दुकानदार म्हणतो यूएचएस-२ (जास्त वेगाच्या जातीची) कार्डं घ्या, पण ती बरीच महाग आहेत. माझ्या कॅमेऱ्यात त्यांचा उपयोग होईल का? वारीच्या आत निर्णय घ्यायचा आहे.

प्रतिसाद १

माऊली, आधी काही विकत घेऊ नका. लॅपटॉपचे पोर्ट बघा. आतली पट्टी निळी असलेला किंवा शेजारी ‘एसएस’ अशी खूण असलेला पोर्ट यूएसबी ३ चा. काळ्या पट्टीच्या २.० पोर्टातून प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे काही जात नाही, रीडर कितीही भारी असू दे. तुमची पाच मिनिटं तिथेच गेलेली दिसतात. डी७५०० चा स्वतःचा पोर्टही २.० च आहे, त्यामुळे केबलचा नाद सोडा.

१७० चं कोडं असं: तुमचं कार्ड यूएचएस-१ जातीचं. त्या जातीची ठरलेली मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. त्यापुढचा वेग कंपन्या स्वतःच्या खास पद्धतीने काढतात आणि ती पद्धत ओळखणारा रीडर असेल तरच तो मिळतो. शिवाय वेष्टनावरचा मोठा आकडा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. लिहिण्यासाठी ‘व्ही ३०’ बघा: सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबीची हमी.

यूएचएस-२ कार्डाला मागे पिनांची दुसरी ओळ असते. तुमच्या कॅमेऱ्यात त्या ओळीला लागणारे संपर्कच नाहीत, त्यामुळे तिथे ते यूएचएस-१ सारखंच चालेल. यूएचएस-२ रीडरमध्ये मात्र ते जोरात रिकामं होईल. पण होऊन जाणार कुठे? तुमच्या जुन्या हार्ड डिस्कवरच ना? ती शंभरच्या आसपास दमते. म्हणून पैसे कार्डात घालण्याआधी लॅपटॉपमध्ये एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, जास्त वेगाची डिस्क) बसवा.

आणि एक कळकळीचं सांगतो. वारीत कार्ड फॉरमॅट करूच नका. ६४ जीबीची आणखी चार साधी यूएचएस-१ कार्डं घ्या, एक भरलं की नवं कार्ड घाला, भरलेलं डबीत उलटं ठेवा. फोटो दोन ठिकाणी उतरले आणि उघडून पाहिले, मगच कार्ड पुसायचं, तेही घरी आल्यावर कॅमेऱ्यातच. घेताना नेहमीच्या दुकानातून बिलासकट घ्या. नकली कार्डं आकार ६४ चा दाखवतात आणि आत जागा कमी असते. घरी आणलं की एकदा काठोकाठ भरून, परत कॉपी करून फाइली उघडतात का ते बघा.

धागाकर्ता

मनापासून आभार. डाव्या बाजूला निळा पोर्ट निघाला, मी कायम तिथे माउस लावत होतो. तेच फोल्डर दोन मिनिटं दहा सेकंदांत आलं. या हिशोबाने रिंगणाच्या दिवसाचे ४० जीबी नऊ मिनिटांच्या आत उतरतील. जनरेटर तेवढा वेळ नक्की चालतो.

चार कार्डं उद्याच आणतो. एसएसडीचं दुकानात विचारलंय. आता एकच राहिलं: लॅपटॉप घरी ठेवून, टाइप-सी रीडरने मोबाइलवर रॉबरोबर काढलेल्या जेपेग तेवढ्या घेतल्या तर ग्रुपचं काम भागेल असं वाटतं. वारीत असं कुणी केलंय का? पावसात आणि धुळीत रीडर कसा सांभाळता, तेही सांगा.