चर्च हॉल पाडून नवा होतोय : हरकती-सूचनांत काय लिहावं?

शनिवारची_शाळा

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरच्या एका गावातला चर्च हॉल आमचं मंडळ शनिवारच्या मराठी शाळेसाठी आणि गणपतीचे पाच दिवस भाड्याने घेतं. हॉल १९३० च्या दशकातला, विटांचा, वर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. तो पाडून तिथेच नवा हॉल, आणि खर्च भागवायला मागच्या मोकळ्या जागेत दोन घरं, असा चर्चचा बांधकाम परवानगीचा अर्ज आहे. फाटकावर नोटीस लागली आहे, मुदत २१ दिवस. नवा हॉल आम्हाला हवाच आहे, पण ढोल, रात्रीची आरती, महाप्रसाद त्यात बसलं पाहिजे. कोणाला लिहायचं आणि काय लिहिलं तर ग्राह्य धरतात? पॅरिश काउन्सिलकडे जायचं की चर्चकडे?

नकाशावाला

आधी नावांचा घोळ मिटवू. पॅरिश काउन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी निवडून आलेली संस्था. पॅरोकियल चर्च काउन्सिल म्हणजे चर्चची कार्यकारिणी, अर्जदार ती. निर्णय या दोघींच्याही हातात नाही. चार जिल्हा काउन्सिल आणि काउंटी मिळून २०२० मध्ये एकच बकिंगहॅमशायर काउन्सिल झाली, निर्णय तिचा. पॅरिश काउन्सिलचं मत विचारतात, तेवढंच. तरी तिच्या बैठकीला जाच. तिचं पत्र आणि तुमचं पत्र एकच मुद्दा सांगत असेल तर अधिकारी थांबून वाचतात.

हॉल १,००० चौ. मी.च्या आत आणि घरं दहापेक्षा कमी, म्हणजे अर्ज 'मायनर' (लहान) गटातला. निर्णयाची मुदत ८ आठवडे. असे बहुतेक अर्ज नगरसेवकांच्या कमिटीपुढे न येता अधिकारी स्वतःच निकाली काढतात. कमिटीपुढे यावा असं वाटत असेल तर वॉर्डच्या नगरसेवकाला आत्ताच लिहा, शेवटच्या आठवड्यात उपयोग नाही.

ग्राह्य मुद्दे : आवाज, पार्किंग, रहदारी, शेजाऱ्यांचा उजेड आणि खाजगीपणा, झाडं, गावाची सोय जाणं किंवा सुधारणं. घरांच्या किमती, कोणाच्या खिडकीतून दिसणारा देखावा, चर्चच्या लोकांचा स्वभाव यांतलं काही धरत नाहीत. नुसती 'हरकत' नोंदवू नका. 'पाठिंबा, पण पुढील अटींसह' असं लिहा आणि अटीचा मजकूर तुम्हीच सुचवा.

सगळ्यात महत्त्वाची अट घरांची आहे. घरं आधी विकली जातात, मग बांधकामाचा खर्च वाढतो आणि हॉल कागदावरच राहतो. म्हणून 'नवा हॉल वापरायोग्य होईपर्यंत घरांत कोणी राहायला येऊ नये' आणि 'बांधकामाचा करार झाल्याशिवाय जुना हॉल पाडू नये' अशा दोन अटी मागा. 'त्याआधी हे करू नये' अशा घडणीच्या अटी इथे सर्रास घालतात, त्यामुळे मागणी जगावेगळी नाही.

दुसरी अट वेळेची. 'संगीत रात्री १० ला बंद' एवढंच लिहिलं गेलं तर ती अट गणपतीतही लागू. वर्षातले ठरावीक दिवस, समजा १२, उशिरापर्यंत मुभा आणि शेजाऱ्यांना आधी लेखी सूचना, हे त्याच अटीत बसवून घ्या. नंतर अट बदलायची तर नियोजन कायद्याच्या कलम ७३ खाली नवा अर्ज, नवी फी, नव्या हरकती.

विटामाती

नकाशे नीट मोजा. 'मेन हॉल' या शब्दावर जाऊ नका. पीडीएफवर मापपट्टी असते, तिच्याशी ताडून पाहा.

इंग्लंडच्या आगीच्या नियमांत सभेसाठी माणशी ०.५ चौ. मी. आणि जेवायला बसायचं तर १ चौ. मी. धरतात. १२० चौ. मी.चा हॉल कार्यक्रमाला २४० माणसं दाखवेल, महाप्रसादाच्या पंगतीला १२०. पण खरा आकडा दारं ठरवतात. ६० च्या वर माणसं असतील तर बाहेर पडायचे किमान दोन मार्ग लागतात, आणि आगीत त्यातलं एक दार अडलं असं धरून मोजतात. १२० माणसांना उरलेलं एक दार १,०५० मिमी रुंद हवं. ते ८५० चं असेल तर मर्यादा ११० वर येते. नकाशात हे २०० मिमी बदलायला काही लागत नाही, भिंत उभी राहिल्यावर लागतं.

नव्या हॉलांत हमखास विसरतात ते कोठार. टेबलं-खुर्च्या, शाळेच्या पेट्या आणि मखराच्या फळ्या हॉलमध्येच रचल्या तर मोजलेलं क्षेत्रफळ गेलं. प्रत्येक भाडेकरू संस्थेला कुलपाचं कपाट मागा.

स्वयंपाकघरावर 'चहाची खोली' अशा अर्थाचं लेबल असेल तर तिथे तळण होणार नाही असंच धरलेलं असतं. धूर ओढून बाहेर टाकणारी नळी आत्ताच्या नकाशात दाखवायला सांगा. नंतर छतावर काढायची तर बहुधा पुन्हा परवानगी लागते, आणि मागच्या दोन घरांत तोवर हरकत घेणारे राहायला आलेले असतात!

ढोलाबद्दल. आवाज मर्यादेत ठेवायला अशा हॉलांत लिमिटर बसवतात. भिंतीवरचा मायक्रोफोन आवाज मोजतो आणि मर्यादा ओलांडली की स्टेजजवळच्या सॉकेटची वीज तोडतो. ढोल-ताशा काही प्लगवर वाजत नाही. तो वाजतच राहतो. बंद पडतो तो आरतीचा माईक आणि मखराची रोषणाई. म्हणून लिमिटरवर भागवू नका. घरांच्या बाजूला उघडणारी खिडकी नको, प्रवेशाला दुहेरी दारांची लॉबी हवी, आणि खिडक्या बंद ठेवता याव्यात म्हणून यंत्राने हवा खेळवायची सोय हवी. तिसरी गोष्ट नसली तर पहिल्या दोन फुकट. सप्टेंबरच्या उकाड्यात शंभर माणसं खिडक्या उघडणारच.

सोनचाफा

वेळापत्रक कुठे कोसळतं ते सांगते.

वटवाघळं. छपराच्या कडेच्या फळीमागे १५–२० मिमी फट असली तरी पिपिस्ट्रेल (छोट्या वटवाघळाची जात) शिरतं. पाहणीत शक्यता दिसली तर संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं मोजावी लागतात, आणि ते काम साधारण मे ते सप्टेंबरमध्येच होतं. हंगाम चुकला की पुढचा मे. हा अहवाल सहसा परवानगीच्या आधीच मागतात, नंतरच्या अटीवर ढकलत नाहीत. अर्जासोबत तो नसेल तर आजच विचारा.

ॲस्बेस्टॉस. पाडकामाआधीची पाहणी ही रोजच्या देखभालीच्या पाहणीहून वेगळी असते, त्यात भिंती-छत फोडून नमुने घेतात. म्हणजे हॉल रिकामा लागतो. शाळेला जागा सोडायची तारीख पाडकामाच्या नाही, या पाहणीच्या तारखेवरून धरा.

व्हॅट. गावाच्या सामाजिक वापरासाठी धर्मादाय संस्थेने बांधलेला पूर्ण नवा हॉल शून्य दराने होऊ शकतो. पण जुनी इमारत जमिनीपर्यंत पाडलेली हवी. परवानगीच्या अटीमुळे दर्शनी भिंत तेवढी राहिली तर चालते. जिव्हाळ्यापोटी कोणी 'जुना व्हरांडा तरी ठेवा' असं लिहितं. व्हरांडा म्हणजे तीन भिंती. मग ते जुन्या इमारतीतलं फेरबदलाचं काम ठरून २० टक्के लागू शकतात. ८ लाख पौंडांच्या कामावर १ लाख ६० हजार. त्या विटा नव्या प्रवेशाच्या फरशीत वापरा म्हणावं, आठवणही राहते.

शनिवारची_शाळा

फार आभार सगळ्यांचे. दोन शंका : हॉल 'सामाजिक मालमत्ता' म्हणून नोंदवला तर संरक्षण मिळतं का? आणि पालकांच्या सह्यांचं एकच पत्र द्यावं की वेगवेगळी?

नकाशावाला

ती नोंद २०११ च्या लोकलिझम कायद्याखाली होते. पॅरिश काउन्सिल किंवा मतदारयादीतल्या किमान २१ स्थानिकांचा गट अर्ज करू शकतो. पण तिने विक्री लांबते (बोली लावायला सहा महिने मिळतात), पाडकाम थांबत नाही. तुमच्या कामाच्या त्या घरांबद्दलच्या दोन अटी.

पत्रं वेगवेगळी द्या, पण सगळ्यांत तोच मजकूर चिकटवू नका. एकाने आवाज, एकाने स्वयंपाकघर, एकाने शनिवारची पार्किंगची खरी मोजणी : किती गाड्या, किती वाजता. मंडळाचं पत्र वेगळं, त्यात वर्षभराच्या बुकिंगचे तास. नाव-पत्ता लागतोच, आणि पत्र काउन्सिलच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसू शकतं, तेव्हा मुलांची नावं नकोत. परवानगी मिळाल्यावर हरकतदाराला अपील नसतं, ते फक्त अर्जदाराला. जे मागायचं ते या २१ दिवसांतच मागा.