मदत हवी आहे: अंदमानचा माउंट हॅरिएट ट्रेक, सोबत आजोबा आणि पहिलीतली मुलगी, जमेल का?

नमस्कार मंडळी. गड्ड्याची जत्रा झाली की जानेवारीच्या शेवटी आम्ही घरचे सगळे अंदमानला चाललोय, चेन्नईपर्यंत रेल्वेनं आणि पुढं विमान. सोबत सासू-सासरे, सासऱ्यांनी (आप्पांनी) सत्तरी ओलांडलीय, चालायला दणकट आहेत पण उतारावर गुडघा धरतात, आणि लेक पहिलीत, नळदुर्गला अख्खा किल्ला पळत फिरली आणि येताना मात्र गाडीपर्यंत कडेवर.

सेल्युलर जेल होणारच, सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय आप्पा हलणार नाहीत. पण ते इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, त्यांनी धोशा लावलाय की माउंट हॅरिएट पण करायचं. २०२१ ला त्याचं नाव माउंट मणिपूर केलंय, कारण १८९१ च्या युद्धानंतर राजे कुलचंद्र सिंह आणि बाकीच्या मणिपुरी कैद्यांना तिथंच ठेवलेलं. वर इंग्रज चीफ कमिशनरचा उन्हाळ्यातला बंगला होता त्याचे अवशेष आहेत, आणि खाली होपटाऊनच्या धक्क्यावर शेर अली नावाच्या कैद्यानं व्हाइसरॉय मेयोला भोसकलं, ८ फेब्रुवारी १८७२. हे आप्पा जेवताना इतक्यांदा सांगतात की लेकीनं शाळेत बाईंना पण सांगितलंय.

आमचा ट्रॅव्हल्सवाला म्हणतो तिकडं कुणी जात नाही, त्यापेक्षा एक बीच वाढवून देतो. आता बीच किती बघायचे ओ? तर गेलेल्यांनी सांगा, वरून काळा पत्थर नावाच्या कड्यापर्यंत जंगलातून वाट जाते ती लहान मुलाला झेपेल का, जळवा किती असतात, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या माणसाला तिथली दमट हवा कितपत सोसते? जेवणाची काळजी नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत आहेच.

प्रतिसाद १
ताई, बिनधास्त जा. गाडी थेट वरपर्यंत जाते, त्यामुळं आप्पांना चढायचं काही नाही, बंगल्याची जागा तिथंच आहे. चॅथम जेट्टीवरून बांबू फ्लॅटला फेरी मिळते, पण पलीकडं गाडी मिळेल का बघत बसू नका, आपली टॅक्सीच वाहनांच्या फेरीत चढवून न्या. काळा पत्थरची वाट दोनेक किलोमीटर, अवघड अशी नाही पण मुळं आडवी आलेली आणि खाली ओला पाला, त्यामुळं चप्पल-सँडल नको. तिथून कैद्यांना खाली ढकलायचे असं सांगतात, पोरीचा हात सोडू नका. पुढं मधुबनची वाट फार लांब आहे, तिचा विचारच करू नका.

एक गोष्ट सगळे विसरतात, तिथं घड्याळ आपलंच पण सूर्य लवकर मावळतो, जानेवारीत साडेपाचच्या आतच, आणि झाडीत तर त्याच्याही आधी अंधारतं. म्हणून सकाळीच उरकून घ्या. जळवांचा त्रास खरा पावसाळ्यात, तरी पॅन्ट मोज्यात खोचा आणि मिठाची पुरचुंडी ठेवा. चिकटली तर ओढू नका, मीठ लावलं की सुटते. घाम वाळतच नाही तिथं, प्रत्येकाला पाण्याची वेगळी बाटली घ्या.

प्रतिसाद २
गुडघ्याचं बघता काळा पत्थर फक्त तुम्ही तिघांनी करा, आप्पा आणि सासूबाईंना वर बसू दे, समोर समुद्र दिसतो. जुन्या विसाच्या नोटेवरच्या चित्रात हाच डोंगर आहे, एखादी नोट पोरीजवळ द्या. आणि आप्पांना रॉस बेट चुकवू नका (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप). इंग्रजांची राजधानीच ती, चर्च, बेकरी, कमिशनरचा बंगला, सगळ्या भिंती झाडांच्या मुळांनी कवळून धरल्यात. १९४१ च्या भूकंपानंतर बेट ओस पडलं, मग जपानी आले, त्यांचे बंकर अजून आहेत. हरणं माणसाळलेली, अगदी जवळ येतात, पोरगी खूश होईल. मला विचाराल तर पडक्या इमारतींसाठी रॉस आणि जंगलासाठी हॅरिएट, बीच कापला तरी चालेल.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार! एक बीच कापायला सांगितलाय, ट्रॅव्हल्सवाला जरा नाराज आहे. आप्पांना बसायला सांगायचं काम नवऱ्याकडं दिलंय. आता एवढंच सांगा, टॅक्सी सकाळी किती वाजता सांगू? फेरीला गाड्यांची लाइन लागते का?

प्रतिसाद १
लागते की. उजाडल्या उजाडल्या निघा, आणि टॅक्सीवाल्याशी थांबण्याचे पैसे आदल्या दिवशीच ठरवून घ्या.